गोणपाटाखालचा वर्ग

आज मलकापूरच्या बाजारात नव्या गोणपाटाचा वास आला आणि मी मनानं संग्रामपूरजवळच्या आमच्या लहानपणच्या पत्र्याच्या शाळेत पोचले. तिथे आवाज इतका घुमायचा की एका कानानं कमी ऐकणारी माझी मैत्रीण सलमा सारखी विचारायची, "काय म्हनलं वं बाईनं?"

मग बाईंनी गावकऱ्यांकडून पत्र्याखाली गोणपाट ताणून घेतलं, काळवंडलेल्या भिंतींना चुना दिला. वर्ग लख्ख उजळला आणि आवाजाचं घुमणंही कमी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी फळ्याजवळून साध्या आवाजात प्रश्न विचारला. सलमाला सांगायला मी वळले, तर ती उभी राहून उत्तर देत होती.

"मले ऐकू आलं वं, सारं," माझा हात घट्ट धरून ती म्हणाली.

त्या वर्षी सलमा पहिली आली. आज वाटतं, हुशार ती आधीपासूनच होती. वर्गच तिच्यापर्यंत पोचत नव्हता.