वाचनालयाची खिडकी

धाकटा भाऊ गेल्यावर मी देवापुढे दिवा लावत राहिले, पण हात जोडणं सुटलं. तो आमच्याच कॉलेजचा धावपटू होता. हिवाळ्यातल्या एका सकाळी सराव करताना मैदानावर कोसळला आणि उठला नाही. वजन, उंची, डोळे, सगळं तपासून त्याला खेळायला परवानगी मिळालेली होती. धडधाकट पोराच्या हृदयाचा आलेख काढावा, असं तेव्हा चंद्रपुरात कुणाच्या मनातही येत नसे. मी कॉलेजात ग्रंथपाल. वाचनालयाच्या खिडकीतून ते मैदान दिसायचं, म्हणून ती खिडकी मी बंद ठेवू लागले.

चैत्रात आईच्या आग्रहाखातर महाकालीच्या यात्रेला गेले. मागायचं काहीच नव्हतं. दर्शनाच्या रांगेत पुढे आमच्या कॉलेजची सुनंदा आणि तिची आई होत्या. पोंभुर्ण्याची ही मुलगी धावण्यात भावाच्या मागोमाग नाव काढत होती. अचानक कानाशी हलगी कडाडली आणि सुनंदा उभ्या उभ्या खाली पडली. बायकांनी देवी आली म्हणून तिच्या पायांवर डोकं ठेवलं, तिच्या आईनं तिला कपाळभर कुंकू लावलं. मला मात्र भाऊ आठवला. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलाजवळ तोही असाच पडला होता, आणि हसत उठला होता.

तेवढ्यात मागून एक अनवाणी गृहस्थ पुढे आले, गुडघ्यावर बसले आणि तिचं मनगट धरून राहिले. थोड्या वेळानं सुनंदानं डोळे उघडले. ते नागपूरचे हृदयरोगाचे डॉक्टर होते, नवस फेडायला आलेले. मी त्यांना भावाचं सांगितलं. ते सुनंदाच्या आईकडे वळले आणि म्हणाले, "हिच्या हृदयाची तपासणी करायला हवी. आधी हिची नाडी मला सापडतच नव्हती."

"पोरीच्या अंगात देवी येते, साहेब. तिले मशीन लावाची नाई," आई म्हणाली. गेल्या वर्षीही पडली होती, तेव्हापासून गावात पोरीला मान होता. एकटीलाच तपासलं तर देवीवर शंका घेतल्यासारखं होईल, असं तिला वाटत होतं. डॉक्टरांनी वाद घातला नाही. मला एवढंच विचारलं, की तुमच्या कॉलेजचे सगळेच खेळाडू तपासले तर?

पावसाळा संपता संपता ते हृदयाचा आलेख काढायचं सुटकेसएवढं यंत्र घेऊन कॉलेजात आले. झोपवायला खाटा नव्हत्या, म्हणून वाचनालयातली लांब टेबलं जोडली, मध्ये चादरींचे आडोसे केले. एक कबड्डीपटू टेबलावर आडवा होत म्हणाला, "बाई, इथी झोपलो तर तुम्ही नेहमी हाकलता. आज काऊन नाई?" मी हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

सगळ्यांबरोबर आली म्हणून सुनंदाची आई शांत होती. मुलीच्या आलेखाची पट्टी मात्र डॉक्टर पुन्हा पुन्हा पाहत राहिले. हृदयाचे ठोके चालवणाऱ्या विजेतच जन्मापासून दोष होता. वेगानं धावताना किंवा अचानक मोठा आवाज झाला, की ठोके बिघडत. धावणं बंद आणि रोज गोळी, असं त्यांनी सांगितलं. सुनंदा भिंतीकडे तोंड करून रडली. मला वाटलं, आई आता डॉक्टरांवर तुटून पडेल. तिनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "देवीनं आपल्या दारातच पाडलं तुले. मैदानात पाडलं असतं तं कोण होतं?"

त्या वाक्यानं माझ्या आत काहीतरी सैल झालं. माझ्या भावालाच का नेलं, याचं उत्तर मला मिळालेलं नाही, पण ते मिळाल्याशिवाय हात जोडणार नाही हा माझा हट्ट गेला. त्या दिवशी घरी दिवा लावला तेव्हा हात आपोआप जुळले.

हिवाळ्यात स्पर्धा आल्या. शर्यत सोडताना बंदुकीचा बार काढायची पद्धत होती. खेळाच्या सरांनी ती सुनंदासाठी बंद केली आणि तिच्याच हातात लाल रुमाल दिला. मी वाचनालयाची खिडकी उघडली. ओळीत वाकलेली पोरं तिच्याकडे बघत होती. मैदान अगदी शांत होतं. तिनं रुमाल खाली आणला आणि सगळी धावत सुटली.