हळूबाईचा उजवा हात

हळूबाईला रस्त्यात शोधायचं झालं, तर तुम्ही दोनदा तिच्या अंगावरून जाल आणि तिसऱ्या खेपेला तिलाच पत्ता विचाराल. मुळात ती न दिसण्यासारखी होती असं नाही. उंची चांगली, नाक सरळ, आणि हसली की गालाला खळी पडायची, म्हणून ती बाहेर हसायची नाही. सहा वर्षांत तिने न दिसण्याचं काम नोकरीसारखं केलं होतं, तेही एक दिवस रजा न घेता. रांगेत ती पहिली नसे आणि शेवटचीही नसे. कपडे असे निवडायची, की संध्याकाळी कोणी विचारलं असतं, आज ती काय घालून आली होती, तर दुकानात कोणालाच सांगता आलं नसतं. भाजीवाल्याशी घासाघीस करायची, पण बेतानं. अजिबात न करणारी बाई लक्षात राहते आणि हुज्जत घालणारी तर राहतेच. एका दुकानातून लागोपाठ दोनदा काही घ्यायची नाही, म्हणजे 'नेहमीचंच ना?' असं तिला कोणी विचारत नसे.

हळूबाई हे नाव ती जिथे काम करायची त्या शिवणाच्या दुकानाच्या मालकांनी ठेवलं. ती कधी आली आणि कधी गेली हे कळतच नाही, अशी त्यांची तक्रार होती. मालकांना सगळे काका म्हणत. काका साठीचे, अंगानं किरकोळ, पण तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की कुलूप लावेपर्यंत थांबायचा नाही. पँटची उंची कमी करायला आलेला माणूस परत जाताना काकांच्या तिन्ही साडूंची दुखणी ऐकून जायचा. त्यांच्या पोटात काही राहत नसे, आणि हळूबाईला त्यांची धास्ती वाटायची ती एवढ्याचसाठी. तरीही तिने हे काम धरलं, कारण दुकानात एक पडदा होता. पुढे काउंटर आणि गिऱ्हाइकांसाठी बाक, मग जाड तपकिरी पडदा, आणि पडद्यामागे दोन मशीन, कापायचं टेबल आणि गज लावलेली खिडकी. ती दिवसभर पडद्यामागे असायची.

हळूबाई डावखुरी होती. डावखुरी माणसं चटकन लक्षात राहतात, म्हणून बाहेरची सगळी कामं तिने उजव्या हाताला लावली. दार उघडणं, छत्री धरणं, पिशवी घेणं. सही उजव्या हाताने धड यायला दोन वर्षं लागली. फक्त सुई तेवढी ऐकेना. सुई उजव्या हातात घेतली की ती तिची राहायचीच नाही.

आणि नेमकी सुईच धोक्याची होती. कोटाचं काज, म्हणजे बटण अडकवायची चीर, हाताने शिवलं की टाक्याटाक्याला बारीक गाठ येते आणि त्या गाठींची ओळ कडेनं बसते. हळूबाई इतरांच्या उलट टोकाकडून सुरुवात करायची, त्यामुळे तिच्या गाठींचा कल उलटा पडायचा. साध्या माणसाला हे बोट ठेवून दाखवलं तरी दिसत नाही. शिंप्याला दिसतं, आणि तिचा नवरा शिंपी होता.

दूरच्या एका शहरात त्याचं नाव असलेलं दुकान होतं. नऊ वर्षं त्या दुकानातलं प्रत्येक काज तिनं केलं. नऊ वर्षांत तो एकदाही चांगलं म्हणाला नाही. हात मात्र उचलायचा. एकदा काम दोन दिवस लांबलं म्हणून त्याने तिच्या डाव्या मनगटावर गरम इस्त्री टेकवली. पोलिसांत गेली, तर त्यांनी समजूत घालून तिला परत घरी पोचवलं. त्या रात्री तो शांतपणे म्हणाला होता, की जाशील तिथून शोधून काढीन, पोरीला घेऊन येईन, आणि तुझ्या बाबतीत नुसत्या मनगटावर थांबणार नाही. तो बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता, हाच त्याचा एक गुण. लेक पाच वर्षांची असताना हळूबाई तिला घेऊन निघाली ती थेट या शहरात येऊन थांबली.

लेक आता अकरा वर्षांची होती, आणि तीही डावखुरी निघाली. आईने तिला नियम घालून दिले होते. शाळेत उजव्या हाताने लिहायचं, घरी दार लावल्यावर कसंही. शाळा सुटली की सरळ दुकानात यायचं. काउंटरवर अनोळखी माणूस असेल तर पडद्याकडे बघायचं नाही, आई म्हणून हाक मारायची नाही, बाकावर बसून अभ्यास करायचा. असं का, ते लेकीने कधी विचारलं नाही. हळूबाईला वाटायचं, पोर अजून लहान आहे, तिला काही आठवत नाही.

चूक झाली ती गेल्या हिवाळ्यात. एक निवृत्त प्राध्यापक कोटाचं कापड घेऊन आले. कापड असं होतं, की हळूबाईने ते टेबलावर पसरलं आणि उगाचच दोनदा हात फिरवला. काका म्हणाले, काजं मशीनवर मारून टाका, त्यांना कुठे कळतंय. पण चार काजं तिने हाताने केली, डाव्या हाताने, जीव ओतून. चांगल्या कापडाची माती होऊ नये एवढंच आपल्या मनात आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. तिला हौस आली होती. सहा वर्षं कशालाच चांगलं म्हणवून न घेता जगलेल्या बाईला एकदा हौस आली.

मंगळवारी दुपारी पावणेचारला पडद्यापलीकडे काउंटरवर टकटक झाली. बोटातली अंगठी लाकडावर वाजते तशी, तीनदा, मग थांबून आणखी एकदा. हळूबाईचा पाय मशीनवरच थिजला. आवाज नंतर आला, पण तिला त्याची गरज नव्हती.

तो फार अदबीनं बोलत होता. परक्यांशी तो नेहमीच अदबीनं बोले. त्याने काकांना सांगितलं, की एक म्हातारे प्राध्यापक मुलाकडे राहायला आले होते आणि बाह्या आखूड करायला हा कोट त्याच्या दुकानात देऊन गेले. कोट कोणी शिवला ते त्यांना नीट आठवेना, या शहरात बाजाराच्या मागे कुठेतरी, एवढंच म्हणाले. सकाळपासून तो एकेक दुकान बघत होता. आणि मग त्याने मुद्द्याला हात घातला. हे काज करणारी बाई डावखुरी आहे, तिच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, ती त्याची बायको आहे, डोक्यानं जरा कमी आहे, आणि घरच्यांना काळजी लागली आहे.

हळूबाईने खिडकीकडे बघितलं. गज होते. दार एकच, आणि ते काउंटरच्या पलीकडे. घड्याळात चारला दहा कमी होते, म्हणजे दहा मिनिटांत लेक त्याच दारातून आत येणार होती. आणि कोट काकांच्या हातात होता, स्वतः कापलेला, स्वतः शिवलेला. काका आता 'अहो, हा तर आमचाच' म्हणणार आणि पुढे सगळं सांगून मोकळे होणार, हे तिला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. तिने कात्री हातात घेतली आणि परत ठेवली. कात्री घेऊन काय करायचं हेही तिला सुचलं नाही.

काका काही बोलले नाहीत. इतका वेळ बोलले नाहीत, की दुकान बंद झाल्यासारखं वाटलं. मग म्हणाले, कोट छान आहे, पण आपला नाही. आपल्याकडे सगळी काजं मशीनवर. मागे एक बाई बसते, तिथे बायकांची मापं होतात म्हणून पुरुषांना सोडत नाही, पण तिला हाताचं काम यथातथाच येतं.

"मग एक करून दाखवू दे तिला," तो म्हणाला. "मी थांबतो. सगळ्या दुकानांत हेच केलंय."

काका पडदा सारून आत आले. हातात कुठल्याशा जाड कापडाचा तुकडा होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्या मनगटाकडे बघितलं. बाही वर सरकली होती. हळूबाईने सुई ओवली, डाव्या हातात धरली, आणि काकांच्या डोळ्यांदेखत ती उजव्या हातात घेतली. मग काका पडद्याकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाले, "आणि जरा नीट करा बाई. मागच्या खेपेला गिऱ्हाइकानं तोंडावर फेकलं होतं."

हळूबाई चार वर्षं त्या दुकानात होती. तिचं काम कोणीही तोंडावर फेकलं नव्हतं.

काज वाईट करणं हे चांगलं करण्याहून अवघड असतं, हे तिला त्या दहा मिनिटांत कळलं. उजवा हात सुईला कच्चा होता, ते ठीकच होतं. पण कच्चा असूनही तो चुकीच्या जागी जाईना. टाका कुठे पडायला हवा ते त्याला दिसत होतं आणि तो तिकडेच ओढ घेत होता. शेवटी तिने डोळे बारीक केले, लेकीने सहा वर्षांची असताना बाहुलीच्या कपड्यावर घातलेले टाके आठवले आणि तसे घालू लागली. एक लांब, एक आखूड, मध्ये गुंता. सुई बोटात घुसली, रक्ताचा ठिपका कापडावर पडला. तिने तो पुसला नाही. पलीकडे वाट बघताना अंगठी परत वाजली, तीनदा, मग थांबून एकदा.

दाराची घंटी वाजली.

पडद्याच्या फटीतून तिला बाकाचा एक कोपरा दिसत होता. त्या कोपऱ्यात लेकीचं दप्तर आलं, मग लेक आली. तिने पडद्याकडे बघितलं नाही. हाकही मारली नाही.

"ही कोण?" त्याने विचारलं.

"नात माझी," काका म्हणाले. "शाळा सुटली की इथेच येऊन बसते."

काकांना मूलबाळ नव्हतं. तीन साडू होते, पण नात नव्हती.

लेकीने वही काढली, पेन्सिल काढली. पेन्सिल डाव्या हातात होती. लेकीने दप्तराचा पट्टा नीट केला, वही मांडीवर सरळ केली, आणि या सगळ्या खटाटोपात पेन्सिल उजव्या हातात गेली, सहज, खोकताना हात तोंडाशी जावा तशी. मग ती सावकाश लिहू लागली. तो दोन पावलं पुढे सरकला. आता फटीतून त्याचा खांदा दिसत होता, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर त्याची पोर.

"काय अक्षर आहे हे," तो म्हणाला. "कोंबडीचे पाय नुसते."

"हो," लेक म्हणाली. "आमच्या बाईपण तेच म्हणतात."

तिने मान वर केली नाही. काकांनी आत येऊन कापडाचा तुकडा नेला. नवऱ्याने तो उजेडाकडे धरल्याचं हळूबाईला कळलं, कारण तो गप्प झाला होता. कामाकडे बघताना तो नेहमी गप्प व्हायचा. मग हसला. असलं काज माझ्या दुकानात झालं असतं तर बोटं तोडली असती, असं म्हणाला, आणि तुकडा काउंटरवर टाकला.

"तिचं काज बघा म्हणजे कळेल," तो कोटावरून हात फिरवत म्हणाला. "असा हात परत मिळायचा नाही. सोन्यासारखा हात होता."

हळूबाईने हे ऐकलं. नऊ वर्षं ती या एका वाक्याची वाट बघत होती, आणि आता ते आलं. तिला आनंद झाला नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली, की एके काळी एवढ्या वाक्यावर ती आणखी नऊ वर्षं राहिली असती.

एका चिठ्ठीवर नंबर लिहून देऊन तो गेला. घंटी वाजली. काका दारात उभे राहून तो पुढच्या दुकानात शिरेपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी चिठ्ठी फाडली, तुकडे चहाच्या कपात टाकले आणि पडदा सारला.

"प्राध्यापकांना मी बघतो," ते म्हणाले. "तुम्ही काही सांगू नका. माझ्या पोटात काही राहत नाही." त्यांनी टेबलावरचा दोरा उगाचच गुंडाळला आणि उलगडला. "एवढं राहील."

हळूबाईला आभार मानायचे होते. काकांना बहुधा ते नको होते. ते पुढे गेले आणि कोणा गिऱ्हाइकाला धाकट्या साडूच्या गुडघ्याचं सांगू लागले.

लेक आत आली. आईच्या बोटावरचं रक्त तिने बघितलं, कापडाच्या चिंधीनं बोट बांधलं, नीट गाठ मारली. हळूबाई तिला सांगणार होती, की कोणी गिऱ्हाईक होतं, कोटाचं विचारायला आलं होतं. वाक्य तयार होतं.

"ते बाबा होते ना?" लेक हळूच म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"अंगठी. काउंटरवर वाजवत होते. घरी टेबलावर वाजवायचे तशीच. मला बाहेरूनच ऐकू आली."

म्हणजे ती दारातच ओळखून आत आली होती. तरीही ती घंटी वाजवून आली, बाकावर बसली, आणि बापाच्या डोळ्यांसमोर कोंबडीचे पाय काढत राहिली. हळूबाईला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी काळीज कापल्यासारखं झालं. तिने पोरीला सगळं शिकवलं होतं. इतकं शिकवायचं नव्हतं.

तिने पेन्सिल उचलली, लेकीच्या डाव्या हातात दिली आणि त्या हातावर आपला हात ठेवला.

"आता तो गेला. इथे बस आणि तुला हवं तसं लिही."

लेकीने पडद्याकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं.

"नको आई," ती म्हणाली. "सवय मोडेल."

आणि राहिलेल्या चार ओळी तिने उजव्या हाताने लिहून पूर्ण केल्या.