अकरावं दार

गल्लीतल्या चौदा घरांत तिला नावानं हाक मारणारं एकही माणूस नव्हतं. तिचा नवरा सुतार. तो कुणाचं दार बसवायला गेला की एका बाजूनं ती दार पेलून उभी राहायची आणि दुसऱ्या बाजूनं तो तोंडात चार स्क्रू धरून ओरडायचा, "धर! अगं, नीट धर!" तीस वर्षं गल्लीनं हेच ऐकलं आणि तिची धरवहिनी करून टाकली. तिनंही ते मनाला लावून घेतलं नाही. दार पेलायला दम लागतो, ओरडायला काय लागतं, असं ती म्हणायची. अर्थात सुताराच्या माघारी.

सुताराचं टोपणनाव ओळंबा. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला जे वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. हे नाव त्यानं स्वतःच स्वतःला लावून घेतलं होतं आणि चारचौघांत मिरवलंही होतं. "माझ्या दारात चूक दाखवा आणि दार फुकट घेऊन जा," असं तो छाती फुगवून सांगायचा. चूक कुणाला कधी सापडली नाही. सापडणार कशी? चुका व्हायच्या, चांगल्या ठसठशीत व्हायच्या. पण हा बाबा भुसा आणि सरस कालवून त्याची लांबी करायचा, खाचा-भोकं त्यानं लिंपून टाकायचा आणि वरून हिरवा रंग मारायचा. हिरवाच. कारण कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून त्यानं हिरव्या रंगाचं पिंप आणलं होतं आणि ते काही केल्या संपत नव्हतं. म्हणून अख्ख्या गल्लीची दारं हिरवी.

चुका ठाऊक होत्या दोघांनाच. त्यातला एक दोन वर्षांपूर्वी गेला. जायच्या आधी त्यानं तिचा हात धरून सांगितलं होतं, "त्या लांबीचं कुणाला बोलू नकोस. माझ्यामागे तेवढं नावच आहे." ती नाही बोलणार म्हणाली होती. माणूस जाताना मागतो ते कुणी नाकारत नाही.

मग ते वादळ आलं. वाऱ्यानं आधी कौलं-पत्रे उचकटले, पाठोपाठ नाल्याचं पाणी गल्लीत शिरलं आणि बिजागऱ्यांतून दारं उपटून घेऊन गेलं. सकाळी बघतात तर चौदापैकी अकरा घरांना दार नाही. दहा दारं गल्लीच्या खालच्या टोकाला, शाळेच्या कुंपणाशी, चिखलात एकावर एक पडली होती. अकराव्याच्या ढलप्या झाल्या होत्या. ते दार धरवहिनीचं. सुतारानं स्वतःच्या घराला कधी नीट दार केलंच नाही. लग्नाच्या आधीपासूनचं पातळ फळ्यांचं दार "पुढच्या महिन्यात बदलू" म्हणत तीस वर्षं लोंबकळत ठेवलं होतं.

गल्ली कामाला लागली. रडायला वेळ नव्हता असं नाही, पण रडत बसलं तर चिखल कोण काढणार? समोरच्या घरातला वेल्डर पुढे झाला. हा माणूस लोखंडी दारं बनवायचा आणि सुताराशी त्याचं जन्मभर पटलं नव्हतं. "लाकूड कुजतं, लोखंड टिकतं," हे तो दिवसातून दोनदा तरी सुताराला ऐकवायचा. गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या घराला दार होतं ते सुतारानं केलेलं, लाकडी. त्याच्या आईचा हट्ट होता. लोखंडाचं दार वाजतं, मला झोप लागत नाही, असं म्हातारी म्हणाली आणि तिथं वेल्डरचं काही चाललं नाही.

"पहिलं दार वहिनींना," वेल्डरनं जाहीर केलं. "त्या एकट्या आहेत. मला शेवटी दिलं तरी चालेल." ढिगातलं त्यातल्या त्यात धड दिसणारं दार त्यानं आणि बसड्रायव्हरनं उचलून आणलं, तिच्या चौकटीला लावून बघितलं. खालून दोन बोटं अडत होतं. वेल्डरनं करवत घेतली आणि खालची पट्टी सरळ कापून टाकली.

दार चौकटीत उभं करताना धरवहिनीनं सवयीनं एका बाजूनं पेललं होतं आणि तिच्या हाताला वरच्या कोपऱ्यातली पाचर लागली होती. ते दार वेल्डरचंच होतं. ती पाचर तिच्या डोळ्यांदेखत बसली होती. वेल्डर त्या दिवशी कमरेवर हात ठेवून समोर उभा होता, त्यामुळे सुतार गडबडला आणि त्यानं दार चक्क उलटं धरून रंधा मारला. वरचा कोपरा तासून बसला. मग वेल्डर चहा प्यायला आत गेल्यावर घाईघाईनं पाचर, सरस, लांबी आणि हिरवा रंग.

"बसलं की नाही झकास?" वेल्डरनं विचारलं.

"बसलं," ती म्हणाली. कापलेली पट्टी तिनं उचलून घरात ठेवली. चूल पेटवायला घेतली असेल असं सगळ्यांना वाटलं.

दिवसभरात बाकीची नऊ दारं मिळेल त्या घराला लावून झाली. लावली म्हणायची, इतकंच. गल्लीतली एकही चौकट दुसरीसारखी नव्हती. कुठे भिंत खचलेली, कुठे उंबरठा तिरका, आणि सुतारानं प्रत्येक दार त्या त्या वाकडेपणाला तासून बसवलेलं. शाळेतल्या बाईंचं दार चार बोटं उघडंच राहत होतं. ड्रायव्हरचं दार लागलं की उघडेना, उघडलं की लागेना. सगळ्यांनी दोऱ्या बांधल्या. वेल्डरच्या वाट्याला दारच उरलं नाही. त्यानं ताडपत्री लावली आणि तिच्या आड म्हातारी खाटेवर पडून राहिली. तिला उठता येत नव्हतं.

धरवहिनी आपल्या घट्ट बसलेल्या दाराआड बसली होती. सांगावं तर नवऱ्याला दिलेला शब्द मोडतो. न सांगावं तर समोर ताडपत्री फडफडते आहे. ती फडफड ऐकत तिनं तो दिवस काढला. माझ्या मते हा तिचा आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा दिवस, आणि पुढे तिनं स्वतःही तसं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर सांगितलं, वादळ वळून परत येतंय. उद्या दुपारपर्यंत पोचेल. दारं-खिडक्या घट्ट लावून घ्या. वारा घरात शिरला तर छप्पर उचलून नेतो.

गल्लीत सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. ड्रायव्हर म्हणाला, "आता ओळंबा असता ना, तर कुठलं दार कुणाचं ते नुसत्या नजरेनं सांगितलं असतं."

"त्याचं कधी चुकलं नसतं," बाई म्हणाल्या.

धरवहिनी उठली. गल्लीच्या मधोमध येऊन उभी राहिली. "त्याचं चुकायचं," ती मोठ्यानं म्हणाली. "प्रत्येक दारात चुकायचं. म्हणून तर मला सगळी दारं ओळखता येतात."

कुणाला काही कळेना. ती सरळ ड्रायव्हरच्या घरी गेली आणि तिथं लावलेल्या दारावर नखानं खरवडू लागली. हिरव्या रंगाखालून रुपयाएवढी गोल खुंटी दिसू लागली. "कडीचं भोक उलट्या बाजूला पाडलं होतं. मग बुजवलं. हे दार पोस्टमनचं." पोस्टमनकडच्या दाराला खालून जोडपट्टी होती. "मापं घेताना हा विटेवर उभा होता आणि विटेची उंची धरायला विसरला. दार आखूड झालं. हे बाईंचं." बाईंकडचं दार ड्रायव्हरचं निघालं, त्याच्या एका फळीला पटाशी लागून लांबलचक चीर गेली होती आणि ती चीर लांबीनं भरली होती. "त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं," एवढंच ती म्हणाली.

लोक हसायला लागले. आधी दबकत, मग पोट धरून. "म्हणजे ओळंब्यानं तीस वर्षं आपल्याला शेंड्या लावल्या!" पोस्टमन म्हणाला. धरवहिनीचा चेहरा कसानुसा झाला. ज्या माणसाचं नाव तिनं जपायचं होतं, त्याला भर गल्लीत हसायला तिनंच आणलं होतं. पण ती थांबली नाही. एकेक दार खरवडत, एकेक चूक बोलत ती पुढे सरकत राहिली. दहावं दार तिच्या स्वतःच्या घराला लावलेलं होतं. तिथं मात्र ती अडली.

"हे तुमचं," ती वेल्डरला म्हणाली. "वरच्या कोपऱ्यात पाचर आहे. तुम्ही समोर उभे होतात, तेव्हा तो घाबरला होता. मला काल लावतानाच कळलं होतं. मी बोलले नाही."

हसणं बंद झालं. वेल्डरनं वर हात घालून पाचर चाचपली. मग म्हणाला, "वहिनी, तीस वर्षं मला वाटायचं, याचं कधी चुकतच नाही आणि माझं रोज चुकतं. मी उगाच नव्हतो बडबडत. जळायचो मी त्याच्यावर." त्यानं मनगटानं नाक पुसलं. "आधी कळलं असतं तर दोघं मिळून एका बाकावर बसलो असतो की हो."

"आता बसायचं नाही," ती म्हणाली. "उद्या दुपारपर्यंतच वेळ आहे. करवत आणा."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीनं जे काम केलं ते बघायला सुतार हवा होता. दारं उतरली, फिरली, आपापल्या घरी गेली. धरवहिनी प्रत्येक चौकटीशी उभी राहून सांगायची, वरची बिजागरी आधी, खालचा स्क्रू अर्धाच फिरवा, आता आत लोटा. एकेक दार टक् करून लागायचं आणि आतून कुणीतरी "लागलं!" म्हणून ओरडायचं. वेल्डरचं दार दोन बोटं आखूड झालं होतं. तिनं घरातून ती कापलेली पट्टी आणून दिली. चुलीत नव्हती घातली तिनं. वेल्डरनं लोखंडाची पाती दोन्ही बाजूंनी लावून पट्टी पुन्हा जोडली, आणि लाकडाच्या दाराला लोखंड लावताना एकदाही टोमणा मारला नाही.

वेल्डरचं दार बसलं तेव्हा आकाश काळवंडलं होतं. आणि तेव्हा कुठे बाईंच्या ध्यानात आलं, की धरवहिनीची चौकट मोकळी आहे.

"वहिनी, तुम्ही आमच्याकडे चला."

"मी येईन. घर येईल का?" ती म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली. तिथं सुताराचं कामाचं टेबल होतं. वर जाड फळ्यांचा तक्ता, रंध्याच्या आणि पटाशीच्या खुणांनी भरलेला. तिनं तक्ता सोडवायला घेतला. जन्मभर तिनं दार पेललं होतं, बसवलं कधी नव्हतं.

समोर म्हातारी खाटेवरून मुलाला म्हणाली, "माझं दार लागलंय. सूनबाई आहे माझ्याजवळ. तू इथं काय करतोयस?" वेल्डर धावत आला. मागून ड्रायव्हर, पोस्टमन, बाई. तक्ता उचलून चौकटीत उभा केला. वेल्डरनं हात पुढे केला, "द्या तो पेचकस इकडे."

"नाही," धरवहिनी म्हणाली. तिनं चार स्क्रू तोंडात धरले, पेचकस घेतला आणि दातांतून ओरडली, "धर! अरे, नीट धर!"

वेल्डरनं निमूटपणे धरलं.

चौकटीची एक बाजू उभी चिरली होती, त्यामुळे स्क्रू हवे तितके घट्ट बसेनात. घाईत बिजागरीही खाली लागली आणि वर तीन बोटं फट राहिली. काढून पुन्हा लावायला वेळ नव्हता; वाऱ्याचा पहिला झोत गल्लीत शिरला होता. सगळे आत आले, दार लोटलं आणि पाठी लावून रांगेनं उभे राहिले. दोन तास वारा त्या तक्त्याला धडका देत होता. वरच्या फटीतून पाणी त्यांच्या डोक्यावर पडत होतं. ड्रायव्हरची पाठ दारावरून सुटली की धरवहिनी खेकसायची, "धरा हो! एवढ्यात दमलात? मी तीस वर्षं धरलंय!" छपराचे पत्रे खडखडले, करकरले, पण जागचे हलले नाहीत. गल्लीतलं एकही दार गेलं नाही.

वारा पडल्यावर त्यांनी दार उघडलं. वेल्डरनं डोकं पुसत वरच्या फटीकडे पाहिलं. "वहिनी, चुकलं की हो. पण काळजी नको. भुसा-सरस आहे अजून मागे. लांबी भरून टाकतो, वर हिरवा रंग मारतो. कुणाला कळायचं नाही."

धरवहिनीनं तक्त्यावरून हात फिरवला. पटाशीची प्रत्येक खूण तिच्या ओळखीची होती.

"नको भरू," ती म्हणाली. "दिसू दे."