ढाक्याला जाऊन आलेले भावोजी

आमचे भावोजी कुठेही गेले की दाराकडे पाठ करून बसायचे. लग्नाचा मांडव असो, न्हाव्याचं दुकान असो की दवाखाना. बाकीची माणसं कोण आलं कोण गेलं ते दिसावं म्हणून दाराकडे तोंड करून बसतात, आणि हे आपले भिंतीकडे बघत. पण आत कोण आलं ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळे. "या आप्पा," म्हणत, आणि खरोखरच मागे माझे सासरे चपला काढत उभे असत. मी नवी नवरी. मला वाटलं, भिंतीवर कुठेतरी आरसा लपवलेला आहे. मी तो पुष्कळ शोधला. शेवटी लाज सोडून विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, फॉरवर्डची पाठ गोलकडे असते. मागे कोण उभं आहे ते पाठीलाच कळायला हवं. मान वळवून बघेपर्यंत बॉल गेलेला असतो."

फॉरवर्ड म्हणजे काय हे मला कुठे ठाऊक होतं? मी मिरजेची, बी.ए. झालेली. म्हैसूरला मंडी मोहल्ल्यात सून म्हणून आले ती या घरचं मराठी सुधारायचंच ठरवून. यांचे पूर्वज राजाच्या घोडदळातले. घोडे गेले, राजा गेला, एक तलवार तेवढी उरली होती. भाषेत मात्र अर्धं कानडी येऊन बसलेलं. भावोजी ताटावर हात आडवा धरून "साकु वहिनी, साकु" म्हणत, आणि मी भाताचा डाव हवेत धरून त्यांना "पुरे म्हणा" असं शिकवी. मिरजेचं मराठी शुद्ध असतं असं समजणारी मी पृथ्वीवर एकटीच असेन. आता माझी पुण्याची नात जेवायला आली की मीच तिला "साकु का?" विचारते आणि ती माझ्याकडे बघत राहते.

भावोजी माझ्या नवऱ्यापेक्षा बरेच धाकटे. फुटबॉल चांगला खेळतात म्हणून त्यांना बेंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात नोकरी लागली होती. सकाळी हजेरी लावायची आणि दुपारी कारखान्याच्या संघाबरोबर सराव करायचा. सासरे घोड्यावरच्या पोलिसांतून निवृत्त झालेले. मुलगा चेंडू लाथाडतो याची त्यांना मनातून लाज वाटे, पण पेन्शनीची नोकरी आहे म्हणून गप्प असत. मला तर हा सरकारला फसवण्याचाच प्रकार वाटे. एकदा यांनी मला सामना बघायला नेलं. मी लग्नातली रेशमी साडी नेसून गेले, सिनेमाला जावं तशी. पहिल्या अर्ध्यात भावोजींनी उजवीकडच्या जाळीत गोल मारला, तेव्हा ती जाळी मी पक्की लक्षात ठेवली. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच जाळीत पुन्हा चेंडू गेला तशी मी उभी राहून टाळ्या पिटल्या. आमच्या आजूबाजूला सगळा कारखाना बसला होता. नवऱ्याने माझा पदर ओढून मला खाली बसवलं. घरी येताना भावोजी अर्ध्या कानडीत म्हणाले, "बिडी वहिनी, जाऊ दे. आमच्या बाजूचं कुणीतरी खूश होतं हे काय कमी आहे?"

पुढे ढाक्याच्या एका क्लबाचं बोलावणं आलं. तिथे त्या वेळी फुटबॉलला माणसांचा पूर लोटे, आणि हिंदुस्थानातून खेळाडू नेत असत. कारखान्याने एवढी रजा द्यायला नकार दिला. भावोजींनी राजीनामा देऊन टाकला. कायमची नोकरी सोडली, तीही परदेशात जाऊन चिखलात पळण्यासाठी, हे सासऱ्यांच्या डोक्यात शिरेना. ते भांडले नाहीत. बोलायचेच थांबले. भावोजी निघताना पाया पडले तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, एवढंच.

तो एक मोसम भावोजींच्या आयुष्यातला खरा. ढाक्याहून आले ते काळे आणि गालफडं बसलेले, पण अंगातून नुसता उजेड येत होता. पाण्याने भरलेल्या मैदानावर कसं खेळायचं ते स्वयंपाकघरात मला पिठाचा गोळा घेऊन दाखवत. "पाण्यात बॉल थांबतो, डिफेंडर घसरतो. आपण घाई करायची नाही. बॉल येतो वहिनी, आपण फक्त तिथे असायचं." तिथल्या लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं, कुणा म्हातारीने रस्त्यात थांबवून मासा खाऊ घातला होता. मला त्यांनी ढाक्याची जामदानी साडी आणली. ती नेसून मी मोहल्ल्यातलं एकही हळदीकुंकू चुकवलं नाही. कुणी साडीची चौकशी केली नाही तर मीच म्हणे, "ढाक्यात फार उकाडा आहे म्हणतात, नाही?"

भावोजी आले होते दसऱ्याला, मोसमाचा अंतिम सामना तेवढा बाकी होता. आमच्या घरी खंडेनवमीला तलवार पुजतात, आणि तिच्या भोवती घरातल्या प्रत्येकाचं हत्यार मांडतात: सासूबाईंची विळी, यांची स्कूटरची किल्ली, शिवणाचं यंत्र. मी एका वर्षी माझं बी.ए.चं प्रमाणपत्र मांडलं होतं, सासूबाईंनी त्यावर कोहळा ठेवला. एकदा हळदकुंकू लागलं की दशमीला सकाळी आरती होईपर्यंत मांडलेली वस्तू जागची हलवायची नाही. म्हणून भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायची. त्या वर्षी सगळं मांडून झाल्यावर सासरे उठले. कोपऱ्यात भावोजींचे खेळायचे बूट पडले होते, ते त्यांनी उचलले. तळव्यांच्या खाचांतली माती काडीने काढली, धोतराच्या सोग्याने पुसले आणि तलवारीला अगदी लागून ठेवले. दोन्हींवर कुंकवाचं बोट ओढलं. भावोजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्या दिवशी त्यांच्या पाठीला काय कळलं असेल ते मी सांगू शकत नाही, पण त्यांचे कान लाल झाले होते.

दुपारी समोरच्या गुळाच्या दुकानात फोन आला. ढाक्याहून क्लबाचा माणूस बोलत होता. अंतिम सामना अचानक अलीकडे आला होता. भावोजी खेळले तर पुढच्या दोन मोसमांचा करार होणार, नाही आले तर दुसरा माणूस तयार होता. संध्याकाळची बस धरली तरच मद्रासला हावड्याची गाडी मिळणार होती. आम्ही सगळ्यांनी पिशवी भरायला घेतली. कपडे झाले, चिवडा झाला. मग सगळ्यांच्या नजरा बुटांकडे वळल्या.

सासरे म्हणाले, "उचल. हत्यार लढाईला न्यायचंच असतं."

"उद्याच्या आरतीपर्यंत हलवायचं नाही आप्पा. तुम्हीच शिकवलंय."

"मीच सांगतोय ना आता."

भावोजी तलवारीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही ठेवलेत. राहू देत."

हे वैतागून म्हणाले की अरे, बूट आहेत ते नुसते. सासूबाईंनी देवाची क्षमा मागून स्वतः उचलून द्यायची तयारी दाखवली. भावोजींनी ऐकलं नाही. कलकत्त्यात नवे घेतो म्हणाले आणि निघाले. मी डोळ्यांना पदर लावून दारात उभी होते आणि शेजारणीला सांगत होते, याला म्हणतात संस्कार. आजची मी तिथे असते तर त्या शहाण्या बाईला बाजूला ढकलून, कुंकवासकट ते बूट पिशवीत कोंबले असते.

कलकत्त्यात घेतलेले बूट नवे होते, कडक होते, पायात बसले नव्हते. त्या सामन्यात उत्तरार्ध सुरू होताच उजवा पाय मातीत रुतला, शरीर वळलं आणि गुडघा मागेच राहिला. बुटांमुळे झालं की कसं ते कोण सांगणार? तिथल्या डॉक्टरांनी तर गुडघा आधीपासूनच सैल असणार असं सांगितलं. सासऱ्यांनी मात्र आपल्या मनाशी निकाल लावून टाकला होता. पुढच्या वर्षीपासून ते पूजेला बसले नाहीत, आणि त्यातच गेले. क्लबाने भावोजींना परतीचं तिकीट काढून दिलं. ऑपरेशन लागेल असं डॉक्टर म्हणाले होते, पण आमच्या घराचा विश्वास हाडवैद्यावर. घोड्यावरून पडलेल्या चार पिढ्या त्यानेच उभ्या केल्या होत्या ना! त्याने अंड्याचा पांढरा बलक, उडदाचं पीठ आणि बांबूच्या पट्ट्या लावून पाय बांधला. मोडलेलं हाड त्याने जुळतंही. भावोजींचं हाड मोडलेलंच नव्हतं, आतला दोर तुटला होता. पट्टी सोडली तेव्हा पाय शेवग्याच्या शेंगेसारखा निघाला.

त्यानंतरची वर्षं म्हणजे भावोजी आणि तो गुडघा. रोज पहाटे मैदानावर जात, विटा बांधून पाय उचलत, तेल चोळत. ढाक्याला पुन्हा जायचंच होतं. मी स्थळं आणी. एक मुलगी तर हासनची होती, गाणं येणारी, आणि मी तिच्या आईला भावोजी "आंतरराष्ट्रीय" असल्याचं सांगून ठेवलेलं. भावोजी दर वेळी म्हणत, "पुढचा मोसम होऊ दे वहिनी." कारखान्याने परत घेतलं नाही. एका शाळेत खेळाचे मास्तर झाले. पुढचा मोसम पुढेच राहिला.

शाळेची पोरं घेऊन ते एकदा बैलकुप्प्याला तिबेटी वसाहतीतल्या सामन्यांना गेले. आम्ही दोघंही तिथल्या मठातल्या सोनेरी मूर्ती बघायच्या निमित्ताने बरोबर होतो. मोठ्यांच्या एका संघात माणूस कमी पडला, म्हणून भावोजींना विचारलं. मी त्यांचा चेहरा बघितला आणि नको म्हणायला उघडलेलं तोंड मिटलं. कडेला लाल वस्त्रांतले भिक्षू ओळीने बसून शिट्ट्या वाजवत होते. बराच वेळ भावोजी नुसते लंगडत फिरले. मग एक चेंडू उंचावरून आला. त्यांनी तो छातीवर घेऊन पायाशी मेलेल्या मांजरासारखा निपचित पाडला. पाठ गोलकडे, मागे वीस वर्षांचा एक पोरगा चिकटलेला. शिट्ट्या थांबल्या. तोवर मलाही एवढं समजायला लागलं होतं की आता इथून वळायचं असतं. त्यांचे खांदे वळले. कंबर वळली. पाय जागचा हलला नाही. क्षणभर तसेच राहिले आणि मग त्यांनी चेंडू हळूच मागे, आपल्याच माणसाकडे ढकलून दिला. मैदानाबाहेर येऊन नाड्या सोडल्या.

परतीच्या बसमध्ये म्हणाले, "वहिनी, पाठीला सगळं कळत होतं. पायापर्यंत पोचलं नाही." दुसऱ्या दिवसापासून त्यांचं पहाटेचं मैदान बंद झालं.

शाळेची नोकरी सुटल्यावर गावाबाहेर हिनकलच्या एका मोठ्या सोसायटीत ते सुपरवायझर झाले. म्हणजे वॉचमन, पण मी सुपरवायझरच म्हणत असे. तिथली मुलं मोबाईलवर युरोपातले सामने बघत. अंकल फॉरेनला खेळलेत हे त्यांना कुणी सांगितलं, तर त्यांनी विचारलं, कुठलं फॉरेन? ढाका, म्हटल्यावर पोरं हसली. तिथे काय, बसने जातात. हे भावोजींनीच मला हसत हसत सांगितलं. "खरं आहे की. मी बसनेच गेलो होतो."

गेल्या वर्षी गुडघा पार आखडला. पाय सरळच होईना. आता मी या विषयातली अधिकारी बाई आहे, कारण माझे दोन्ही गुडघे धातूचे आहेत. मीच त्यांना माझ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण, गोड बोलणारे. चालता येईल, जिना चढता येईल, दुखणं जाईल असं सगळं समजावून झाल्यावर भावोजींनी विचारलं, "त्या पायावर भर देऊन एकदम वळता येईल?" डॉक्टरांनी त्यांच्या वयाच्या आकड्यावर एकवार नजर टाकली आणि म्हणाले की नाही अंकल, तसं कधीच करायचं नाही.

घरी येऊन मी पुष्कळ समजावलं. या वयात वळून जायचंय कुठे? मला बघा, कशी टणाटणा चालते. ते म्हणाले, "वळून दाखवा वहिनी." मी पदर खोचला, खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि वळले. म्हणजे आधी एक पाय उचलला, मग दुसरा, मग टेबलाला धरलं, मग पुन्हा पहिला. अरुंद गल्लीत बस मागे घेतात ना, तसं. भावोजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. डोळे पुसून म्हणाले, "साकु वहिनी. राहू द्या." ऑपरेशनचं नाव पुन्हा काढू दिलं नाही.

यंदा आषाढात गेले. मी सकाळी चहा घेऊन गेले तर ते उठले नाहीत. मोहल्ल्यातली माणसं जमली, अंघोळ घातली, पांढरं वस्त्र पांघरलं. उजवा गुडघा काही सरळ होईना. कुणीतरी म्हणालं, दाबून धरा, अशा वेळी करावं लागतं. दोघं जण पुढेही झाले. मी म्हटलं, हात लावू नका, असू द्या तसाच. मग तसेच ठेवले त्यांना. वस्त्र गुडघ्यापाशी उंच राहिलं होतं. तिथे घातलेला शेवंतीचा हार सारखा घसरून खाली येत होता, आणि गाडी येईपर्यंत मी तो उचलून पुन्हा पुन्हा जागेवर ठेवत होते.