दुसऱ्याच्या उत्तराचे पेढे

नंदुरबारच्या हायस्कुलात गणित शिकवणारे एक मास्तर संध्याकाळी माझ्या मिरचीच्या दुकानात येऊन बसत. ते कधी घासाघीस करत नसत, याचाच मला राग यायचा. बोलता बोलता फळीवर सांडलेल्या मिरचीपुडीत बोटाने आकृत्या काढत आणि तेच बोट डोळ्याला लावून डोळे पुसत बसत. जगात कुणालाच न सुटलेलं अंकांचं एक कोडं ते कित्येक वर्षं सोडवत होते.

एकोणीसशे साठ साल उलटल्यावर एके दिवशी ते पेढे घेऊन आले. ते कोडं एका परदेशी गणितज्ञाने सोडवल्याचं मुंबईच्या मासिकात छापून आलं होतं.

मी भडकलो. "मास्तर, तुमनं काम दुसराच लई गया, नि तुम्ही पेढा वाटी ऱ्हायनात?"

"शेठ, त्याला उत्तर आहे हे तर कळलं," ते म्हणाले. "मला इतकी वर्षं भीती होती, की ते नसेलच."

मास्तर समोर उभे होते, म्हणून पेढा खाल्ला. त्या परदेशी माणसाचं नावही मला ठाऊक नाही, पण त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.