आइलीचं दुकान वायोमिंगला गेलं नाही

आइली केत्तुनेननं जन्मभर मिशिगनमधल्या हॅनकॉकच्या शाळेची बस चालवली. बर्फात रस्ता दिसेनासा झाला तरी तिची बस पोचायची. त्यामुळे निवृत्त झाल्यावर ती स्वस्थ बसेल असं आम्हा शेजाऱ्यांना वाटलंच नव्हतं. चर्चच्या तळघरात धूळ खात पडलेला हातमाग तिनं आणून आपल्या घराच्या तळघरात मांडला आणि जुन्या जीन्स, चादरी, शर्ट फाडून चिंध्यांच्या सतरंज्या विणायला घेतल्या. तिचा भाचा ब्रेंट शिकागोला असतो. त्यानं इंटरनेटवर दुकान उघडून दिलं. बघता बघता सतरंज्या पार टेक्सासपर्यंत जायला लागल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात ती स्वतःच्या नावागावाची पट्टी शिवायची.

एकदा ओहायोहून एका बाईचा फोन आला. तिची आई सतरंजीवरून घसरून पडली होती. हाड मोडलं नव्हतं, पण बाईचा आवाज चढलेला. आइलीनं माफी मागितली, सतरंजीखाली घालायला रबरी जाळी पाठवली, म्हातारीशी स्वतः बोलली. प्रकरण मिटलं, पण आइलीच्या जिवाला घोर लागला.

"दावा लावला असता तर घर गेलं असतं गं माझं," ती मला म्हणाली.

ब्रेंटनं लगेच तोड काढली. "मावशी, एलएलसी कंपनी काढ. म्हणजे धंदा वेगळा, तू वेगळी. धंद्यावर दावा लागला तरी सहसा घराला हात लागत नाही. आणि वायोमिंगला काढ. तिथं कर नाही, मालकाचं नावही बाहेर दिसत नाही. नाहीतर डेलावेअरला. मोठमोठ्या कंपन्या तिथंच आहेत."

"मी कुठली मोठी कंपनी? मी तळघरात बसते."

"सगळे असंच करतात, मावशी."

शनिवारी आम्ही दोघी नेहमीसारख्या तिच्या सौनात, वाफेच्या खोलीत, घाम काढत बसलो होतो. मी विचारलं, "वायोमिंग बघितलंयस का कधी?"

"एकदा. गाडी बंद पडली होती तिथं."

"मग ओळख आहे म्हणायची!"

ती इतकी हसली की तापल्या दगडांवर टाकायचं पाणी माझ्याच पायांवर सांडलं. मी पाय झटकत म्हटलं, "आणि नाव लपवून करणार काय? तू तर ते सतरंज्यांवर शिवतेस."

सोमवारी तिनं मला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर स्पीकरवर वायोमिंगला फोन लावला. बाहेरगावच्या लोकांच्या कंपन्यांची नोंदणी करून देणारं कुठलंसं ऑफिस होतं. एका तरुण मुलीनं फोन उचलला.

"राहता कुठं तुम्ही?"

"मिशिगनला."

"काम कुठं करता? माल कुठून जातो?"

"सगळं इथूनच."

"मग इथं नोंदणी केलीत तरी मिशिगनमध्येही करावी लागेल. दोन्हीकडे फी, दोन्हीकडे दरवर्षीचे कागद. आणि कर तुम्ही राहता तिथलाच."

"मग लोक तुमच्याकडे येतात कशाला?"

"काहींना खरंच गरज असते. तुम्हाला आहे असं वाटत नाही." मुलीनं आवाज खाली आणला. "मी असं म्हणाले हे आमच्या साहेबांना सांगू नका हं."

"नाही सांगत. सतरंजी पाठवू का तुला?"

"निळी असेल तर पाठवा."

आइलीनं ब्रेंटला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "खरं आहे, मावशी. मी माझी कंपनी डेलावेअरला काढली आणि आता दोन्हीकडे फी भरतोय."

"जातोस का कधी तिकडे?"

"छे!"

"मग तिला एकटीला करमतं कसं रे?"

फोनवर मावशी-भाचे पोट धरून हसले.

आइलीनं मिशिगनमध्येच नोंदणी केली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, कॉफी पीत. दुकानाला स्वतःचंच नाव दिलं. बँकेत दुकानाचं वेगळं खातं उघडलं आणि माल विकताना रबरी जाळी सोबत द्यायला सुरुवात केली. मंजुरी आली त्या दिवशी तिनं वेलदोड्याचा गोड पाव भाजून गल्लीभर वाटला. मी तिला "मालकीणबाई" म्हटलं, तर पावाचा टोकाकडचा करपलेला तुकडा माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "मालकीण आता कामाला जातेय. तू जरा भांडी घास."

ती तळघरात उतरली. मी भांडी घासत होते, आणि खालून मागाची ठकठक येत होती.