वाफसा येऊन राहिला

गंगाधरच्या एका वाक्याचं इंग्रजी मी चुकीचं केलं आणि त्याच्या हातून कोर्ट गेलं. वाक्य तीन शब्दांचं होतं. मी कॉलेजात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा तीन शब्द झेपायला हरकत नव्हती.

तो गेल्याचा फोन सकाळी आला, त्याच्या मुलीचा. ‘काका, बाबा गेले,’ एवढंच म्हणाली. मी रॅकेटच्या मुठीवर नवी पट्टी गुंडाळत बसलो होतो. अर्धी झाली होती, उरलेली मी नीट गुंडाळून पूर्ण केली आणि मग उठलो. अशा वेळी माणसाला काही सुचत नाही म्हणतात... मला पट्टी सुचली. गोदावरीकाठी पोचलो तर रेणापूरकडून दोन जीपा भरून माणसं आलेली, लातूरच्या क्लबातली मंडळी, कृषी खात्यातली मंडळी, आणि त्यानं खेळायला शिकवलेल्या पाच-सहा मुली भिंतीशी उभ्या राहून रडत होत्या. मी त्याचा बावीस वर्षांचा डबल्सचा जोडीदार. ती गर्दी बघून माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? आपल्याला एवढे लोक येतील का, हा. त्याच्या सरणासमोर उभा राहूनसुद्धा मी त्याच्यावर जळत होतो, आणि सरण पेटायला तर अजून अवकाश होता.

गंगाधर मूळचा रेणापूरजवळच्या एका खेड्यातला, कोरडवाहू शेतीच्या घरातला, नोकरीनं कृषी सहायक. नांदेडात आमच्या जिमखान्याचं टेनिसचं एकुलतं मातीचं कोर्ट दर पावसाळ्यानंतर पुरीसारखं फुगायचं, तर कुणीतरी सुचवलं की मातीतला माणूस बोलवा. त्याला बोलावणारा मीच. आल्या आल्या त्यानं चपला बाहेर काढल्या, कोर्टावर अनवाणी चालला, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकून म्हणाला, ‘सर, ह्याच्यात काळी लई झाली. मुरूम पायजे.’ मग मुरूम आला, वीटभट्टीवरची लाल भुकटी आली, आणि महिन्याभरात कोर्ट असं बसलं की टप्पा पडलेल्या चेंडूचा ठसा नाण्यासारखा स्पष्ट उमटायचा. जाता जाता त्यानं विचारलं, ‘ही बॅट धरतेत कशी?’ मी दाखवली. आयुष्यातल्या माझ्या मोठ्या चुकांची यादी केली तर ही वरच्या पाचात येईल. मी पुण्यात रीतसर शिकलेला, पांढऱ्याशुभ्र कपड्यातला खेळाडू. सहा महिन्यांत या माणसानं मला सरळ दोन सेटमध्ये हरवलं. त्याचा बॅकहँड म्हणजे ज्वारी कापणं होतं... खाली वाकायचं, मूठ आवळायची, हिसका द्यायचा. दिसायला काही नाही, पण चेंडू रेषेवर. हरवणाऱ्याला जोडीदार करून घ्यावं एवढी अक्कल मला होती, म्हणून आम्ही डबल्स खेळू लागलो. लोक आमच्या जोडीला ‘गंगाधर आणि सर’ म्हणायचे. क्रम लक्षात घ्यावा.

मध्ये त्याची लातूरला बदली झाली. निरोपाच्या समारंभात मी डोळ्यांत पाणी आणून भाषण केलं आणि घरी येऊन दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. मला वाटलं, आता आपलं कोर्ट आपलं झालं. दोन वर्षांत लातूरच्या क्लबात त्यानं असं मातीचं कोर्ट उभं केलं की आमचेच खेळाडू रविवारी सकाळची गाडी पकडून तिकडे जायला लागले. मग आमच्याच समितीनं खटपट करून त्याला परत आणवलं. त्या अर्जावर पहिली सही माझी होती, कारण इंग्रजी अर्ज लिहायला दुसरा कुणी नव्हता.

आणि मग ती स्पर्धा आली. पुरुष आणि महिला, दोन्ही गट, पैशासाठी खेळणारे खरे व्यावसायिक खेळाडू, काही तर परदेशातले, आणि सगळं मातीवर. नांदेडला असं काही कधी झालं नव्हतं. तोवर आमची तीन कोर्टं झाली होती, तिन्ही गंगाधरनं केलेली. मला वाटत होतं की मला संचालक तरी करतील, निदान खुर्चीवर बसून पंचगिरी करायला देतील. गळ्यात घालायचं कार्ड हातात आलं तेव्हा त्यावर लिहिलं होतं, ‘दुभाषी’. गंगाधरच्या कार्डावर ‘कोर्ट प्रमुख’. स्पर्धेच्या पर्यवेक्षक बाई चेन्नईच्या होत्या, त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम, आणि गंगाधरला इंग्रजी येत नव्हतं. थोडक्यात, तो जे काही बोलेल ते बाईंच्या कानात नेऊन घालणं हे माझं काम. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला मी एका कृषी सहायकाचा भोंगा झालो होतो.

पहिले तीन दिवस त्याचेच होते. एक उंच परदेशी खेळाडू वाकून त्याला विचारायचा की आज चेंडू किती उसळेल, तो टाच रोवून बघायचा आणि हातानं कमरेपर्यंतची उंची दाखवायचा, आणि चेंडू तेवढाच उसळायचा. महिला गटातल्या मुली सामना संपल्यावर त्याच्याबरोबर फोटो काढायच्या. चौथ्या दिवशी पेपरात रोलर ओढणाऱ्या गंगाधरचा चार कॉलमी फोटो आला. शेजारी मी उभा होतो. छापताना माझं फक्त कोपर आलं. ते कोपर माझंच आहे हे मी घरी दोनदा सांगितलं.

नेमका त्याच पहाटे अवकाळी पाऊस पडून गेला होता. साडेआठला ऊन लख्ख, प्रेक्षक येऊन बसलेले, साडेनऊला महिलांचा सामना. बाई घड्याळ बघत होत्या. गंगाधर कोर्टाच्या मधोमध बसला, मूठभर माती दाबली, लाडू खाली टाकला. लाडू फुटला नाही, बसला. त्यानं मान वर केली आणि मला म्हणाला, ‘वाफसा येऊन राहिला.’ एवढं बोलून तो पलीकडच्या कोर्टावरचं पाणी पोत्यानं टिपायला निघून गेला.

ज्यांना शेती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसानंतर जमिनीतली ओल अशी उतरते की पाय चिकटत नाही, आणि मूठभर मातीचा लाडू खाली टाकला की फुटतो, त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. तो आल्याशिवाय शेतकरी पेरणीला तिफण लावत नाही आणि गंगाधर खेळाडू उतरू देत नसे. आणि ‘येऊन राहिला’ म्हणजे आमच्याकडे ‘येतो आहे’, अजून आलेला नाही. पुण्यात याचा अर्थ ‘येऊन मुक्कामाला राहिला’ असा कुणी काढला तर काढेल.

बाईंनी विचारलं, काय म्हणतो. मी म्हणालो, ‘द कोर्ट इज रेडी, मॅडम.’

पुढं वर्षभर मी सगळ्यांना हेच सांगत आलो की मी पडलो पुण्याकडचा, बोलीत गोंधळ झाला. आता खरं सांगतो. माझी बायको कंधारची. लग्नाला तीस वर्षं झाली. ‘येऊन राहिले’ असं तिनं फोनवर सांगितलं म्हणून मी कधीही दार उघडायला उठलेलो नाही, मला पक्कं ठाऊक असतं की अजून अर्धा तास आहे. मला त्या वाक्याचा अर्थ बोलणाऱ्याइतकाच कळला होता. फक्त खिशात घडी केलेला पेपर होता आणि त्यात माझं कोपर होतं. वाटलं, एकदा, फक्त एकदा त्याच्या मातीनं त्याला तोंडघशी पाडावं. जरा टप्पा बिघडेल, लोक कुजबुजतील, बस... याहून जास्त मला नको होतं.

गंगाधर पोतं टाकून धावत आला तोवर सामना सुरू झाला होता. ‘सर, लई लौकर झालं,’ तो म्हणाला. मी म्हणालो, बाईंचा निर्णय. तिसऱ्या गेममध्ये एका मुलीचा पाय रुतला आणि ती घसरून पडली, माती हातभर पापुद्र्यासारखी उचलून आली. मुलीचा घोटा मुरगळला, तिला पुढं खेळता आलं नाही. बाई आमच्यापाशी आल्या आणि तापलेल्या आवाजात मला विचारलं की यानंच कोर्ट तयार आहे म्हणून सांगितलं होतं ना. गंगाधर माझ्या शेजारी उभा होता. त्याला शब्द कळत नव्हते, पण सर आपली बाजू मांडतायत असं समजून तो माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. मी म्हणालो, ‘येस, मॅडम.’ त्यानं त्यालाही मान डोलावली.

संध्याकाळपर्यंत पुण्याहून दुसरा माणूस निघाला आणि गंगाधरचं कार्ड परत घेतलं गेलं. दोन्ही अंतिम सामने त्यानं प्रेक्षकांत बसून पाहिले, शेवटच्या रांगेत. गावात बोललं गेलं की गंगाधरला मातीतलं कळत नाही. असं शेतकऱ्याच्या पोराला म्हणणं म्हणजे... जाऊ द्या. निघताना त्यानं मला एकदाच विचारलं की तुम्ही बाईला नेमकं काय सांगितलं होतं. मी पुण्याचा दाखला पुढं केला. म्हणालो, मला वाटलं, येऊन राहिला म्हणजे आला. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, ‘आमची बोलीच वाकडी, सर. तुमची काय चूक.’

त्या दिवसापासून तो माझ्याशी पुस्तकी मराठी बोलू लागला. बाकी साऱ्यांशी ‘हाव’ आणि ‘न्हाई’, आणि माझ्याशी, ‘सर, आपण चहा घेत आहात का?’ डबल्स खेळताना चेंडू मधून जायला लागला की पूर्वी तो नुसता ‘सोडा’ म्हणायचा. आता ‘सर, हा चेंडू मी घेत आहे’ हे वाक्य पूर्ण होईपर्यंत चेंडू मागच्या जाळीला लागलेला असायचा. आम्ही हरायला लागलो. मी हसायचो, लोकांना त्याची नक्कल करून दाखवायचो. वर्षभर तो असा बोलला, आणि एका पहाटे झोपेतच गेला.

परवा त्याच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. सुमनवहिनी सुपात तूर निवडत बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर त्या सहज म्हणाल्या की शेवटी शेवटी ह्यायचं काय सुरू होतं कोण जाणे, नातीचं चौथीचं मराठीचं पुस्तक घेऊन मोठ्यानं वाचत बसायचे. मी विचारलं, का. ‘सरायला माझं बोलणं कळत न्हाई, म्हणायचे. पुन्हा घोटाळा नको.’

तिथं मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, कोपरापासून ‘येस, मॅडम’पर्यंत. त्यांचे हात सुपात थांबले. पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, ‘भावजी, तुम्ही पेपरात लिहिता न्हवं? मग लिहा. त्यायला माती कळत होती, एवढं छापून येऊ द्या.’

मी म्हणालो, लिहितो, काही लपवणार नाही. मी कसा जळायचो, मी निरोपाला कसं खोटं रडलो, मी बाईंना काय सांगितलं, मी वर्षभर त्याची नक्कल कशी केली... वहिनींनी सूप उचललं आणि तूर पाखडायला घेतली.

‘म्हंजे मेले ते,’ त्या म्हणाल्या, ‘अन् लेख तुमच्यावरच.’